कियांतीतल्या शेतघरी वाईन आणि ऑलिव्ह तेल चाखायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याच्या नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत इटलीला येणाऱ्या आपल्या मंडळींचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. फ्लॉरेन्समध्ये एक दिवस मोकळा आहे, कुठल्यातरी शेतावर वाईन चाखायला जायचंय, बरोबर आई-बाबा आहेत, ते पीत नाहीत, मुलगी अंडंही खात नाही, गाडी कोण चालवणार? ही उत्तरं फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या डोंगराळ कियांती भागापुरती आहेत. ग्रेवे, पांझानो, राद्दा, गायोले, कास्तेल्लीना ही तिथली गावं.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. लोक येतात वाईनसाठी. पण आपल्या घरांत सगळ्यांना मिळून चाखता येतं आणि परत गेल्यावर रोज उपयोगी पडतं ते तेल. दिवस आखताना तेल आधी धरा.

शेतावर गेल्यावर नेमकं काय होतं?

दीड-दोन तासांचा कार्यक्रम असतो. घरातलंच कुणीतरी, बहुधा मुलगा किंवा सून, आधी बागेतून फिरवून आणतं. मग तळघरात पिंपं आणि टाक्या दाखवतात. शेवटी टेबलाशी बसायचं. तीन ते पाच वाईन, एक-दोन तेलं, पाव, चीज, आणि सांगितलं असेल तर जेवण.

हे हॉटेल नाही, कुणाचं तरी घर आणि चालू शेत आहे हे लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप जुळतं. अंगणात ट्रॅक्टर उभा असेल, कुत्रं भुंकेल, मधेच यजमानांना फोन येईल आणि ते पाच मिनिटं गायब होतील. वेळ मात्र पाळा. अकराला बोलावलंय आणि आपण साडेअकराला पोचलो, तर तेवढा वेळ त्या माणसाचं शेतातलं काम अडून राहतं.

आगाऊ कळवावं लागतं का?

हो, नेहमीच. छोट्या शेतांवर अचानक गेलात तर फाटकावरूनच परत यावं लागेल. द्राक्षतोडणीच्या दिवसांत ईमेलला उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा फोन करा. रविवारी आणि 15 ऑगस्टच्या आसपास बरीच शेतं बंद असतात. 15 ऑगस्ट हा त्यांचा फेर्रागोस्तोचा सण.

एकाच शेतावर द्राक्षंही आणि ऑलिव्हही, असं कसं?

जुन्या पद्धतीमुळे. टस्कनीत कित्येक शतकं मेझ्झाद्रिया चालायची. जमीन मालकाची, राबणार कुळाचं कुटुंब आणि पीक निम्मं-निम्मं. आपल्याकडे अर्धलीनं जमीन कसायचे, तसाच व्यवहार. त्या कुटुंबाला वर्षाचं सगळं त्याच तुकड्यातून काढायचं असे. त्यामुळे गव्हाच्या पट्ट्यांमधून ऑलिव्हची झाडं आणि मेपलच्या झाडांवर चढवलेले द्राक्षवेल, अशी मिश्र शेती असायची. पाव, तेल आणि वाईन एकाच बांधाच्या आत.

आपल्याकडे मुंबई प्रांताचा कूळकायदा 1948 चा. इटलीनं 1964 साली मेझ्झाद्रियाचे नवे करार बंद केले आणि 1982 च्या कायद्यानं उरलेल्यांचं रूपांतर साध्या खंडाच्या करारांत करायची वाट काढली. पण कायदा येईपर्यंत माणसं थांबली नव्हती. 1950 आणि 60 च्या दशकांत कुळांची पोरं फ्लॉरेन्सच्या, प्रातोच्या कारखान्यांत गेली आणि डोंगरावरची दगडी घरं ओस पडली. त्यांतली बरीच पुढे मिलान-रोमच्या शहरी लोकांनी आणि इंग्रज-जर्मनांनी विकत घेतली. म्हणून आज ‘कौटुंबिक शेत’ म्हणून जे दिसतं, ते पाच पिढ्यांचं असेल किंवा चाळीस वर्षांपूर्वी शहर सोडून आलेल्या जोडप्याचंही असेल. दोन्ही ठिकाणी वाईन चांगली मिळू शकते. पण जमीन कुणाची होती आणि इथं कोण राहायचं, हे जरूर विचारा. या प्रश्नावर यजमान पाठ केलेलं भाषण सोडून खरं बोलायला लागतात.

अ‍ॅग्रितुरिझ्मो, म्हणजे शेतावरचं पर्यटन, हा शब्द वारंवार दिसेल. त्याचा पहिला राष्ट्रीय कायदा 1985 चा, आत्ताचा 2006 चा. मुख्य धंदा शेतीच हवा आणि पाहुण्यांचं काम जोडधंदा, ही त्यातली अट. नुसतं हॉटेल काढून त्याला हे नाव देता येत नाही.

कुठल्या महिन्यात यावं?

आपल्याकडच्या सुट्ट्यांच्या हिशेबानं सांगते.

मे महिना: डोंगर हिरवेगार, हवा छान, गर्दी पुष्कळ. वेलींवर कोवळे फुटवे असतात, ऑलिव्हला बारीक पांढरट कळ्या असतात आणि महिनाअखेर फुलोरा येतो. पीक म्हणून बघायला काही नसतं. तेल मागच्या हिवाळ्याचं, म्हणजे सहा महिन्यांचं झालेलं. चांगलंच असतं, पण तिखटपणा उतरलेला असतो. आई-बाबांना सावकाश चालायला आवडत असेल तर हाच महिना बरा.

गणपतीच्या आगेमागे, सप्टेंबरात: इथलं मुख्य द्राक्ष सांजोवेझे उशिरा पिकतं. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तोडणी चालते. आंबणाऱ्या रसाचा वास तळघरातून थेट रस्त्यावर येतो. दृश्य सुंदर, पण यजमानांना तुमच्याकडे बघायला फुरसत नसते. बरीच छोटी शेतं या दिवसांत पाहुणे घेतच नाहीत.

दिवाळीची सुट्टी: माझ्या मते हीच योग्य वेळ, आणि योगायोगानं आपल्या शाळांना सुट्टी असते. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरभर ऑलिव्ह उतरवतात. झाडाखाली जाळी अंथरतात. लांब दांड्याच्या, विजेवर थरथरणाऱ्या फण्यांनी फांद्या विंचरल्या की फळं टपटपा खाली पडतात. ती क्रेटमध्ये भरून शक्य तर त्याच दिवशी गिरणीत न्यायची, कारण ढीग करून ठेवली तर तापून आंबू लागतात. गिरण्या रात्रंदिवस चालू असतात. द्राक्षांची गडबड संपलेली असल्यामुळे तळघरातला माणूसही निवांत बोलतो. पाऊस मात्र धरून चाला. घसरणार नाहीत असे बूट हवेत.

डिसेंबर ते फेब्रुवारी: वेली उघड्या, धुकं, निम्मी शेतं बंद. थंडी आवडणाऱ्यांनीच यावं.

गिरणी बघायला मिळेल का?

शेताची स्वतःची गिरणी असेल तर सहज. नसेल तर ते गावच्या गिरणीत माल नेतात, तिथं विचारून बघा. गोल फिरणारी दगडी जाती अपेक्षित असतील तर निराशा होईल, बहुतेक ठिकाणी स्टीलची यंत्रं आहेत. फळं पाला काढून, धुऊन, बियांसकट ठेचली जातात. तो लगदा वीस ते चाळीस मिनिटं हळूहळू मळतात, मग गरगर फिरणाऱ्या नळकांड्यात तेल, पाणी आणि चोथा वेगळे होतात. हे सगळं 27 अंश सेल्सियसच्या खाली झालं तरच बाटलीवर ‘थंड काढलेलं’ असं लिहिता येतं.

तोटीतून पडणारं तेल बघताना गिरणीत सगळे एकदम गप्प होतात. पोपटी, दाट, गढूळ धार. शेतकरी स्वतःच्या मालाच्या पाळीला तिथं पहारा देत उभा असतो, कारण शेजाऱ्याच्या फळात आपलं फळ मिसळू नये ही काळजी. शंभर किलो फळातून बारा-पंधरा किलो तेल निघालं तर तो समाधानानं मान डोलावतो. डोंगरावरच्या एका झाडामागे वर्षाला लिटर-दोन लिटर मिळतं. बाटलीची किंमत ऐकून भुवया उंचावतील तेव्हा हा हिशेब आठवावा.

ऑलिव्हच्या एका बुंध्यातून तीन-तीन खोडं का निघालेली दिसतात?

जानेवारी 1985 मधल्या थंडीमुळे. फ्लॉरेन्सच्या आसपास पारा उणे वीसच्याही खाली गेला आणि टस्कनीतल्या बहुतेक ऑलिव्हच्या झाडांचा जमिनीवरचा भाग मेला. मुळं जिवंत होती. लोकांनी झाडं जमिनीलगत कापली आणि फुटून आलेल्या धुमाऱ्यांतले दोन-तीन वाढवले. आज दिसतात ती ही खोडं. वाकून बघितलंत तर मधोमध जुन्या खोडाचं कुजलेलं वर्तुळ अजून सापडतं, कधी दोन हातांच्या कवेत न मावणारं. झाड किती म्हातारं होतं ते त्या वर्तुळावरून कळतं.

तेल चाखायचं म्हणजे पावाला लावून खायचं?

ते शेवटी. आधी नुसतं प्यायचं. ऐकायला विचित्र वाटेल, पण चमचाभरच असतं.

लहान पेल्यात तेल घेऊन तळव्यावर धरा, दुसरा हात वर झाकणासारखा. मिनिटभर गरम होऊ द्या. तज्ज्ञ ते 28 अंशांच्या आसपास आणतात, आपल्याला हाताची ऊब पुरते. झाकण काढून खोल वास घ्या. ताज्या टस्कन तेलाला कापलेल्या गवताचा, कच्च्या बदामाचा, आर्टिचोकचा, टोमॅटोच्या पानांचा वास येतो. मग एक घोट तोंडात घ्या, दात मिटून फटीतून हवा आत ओढा. सुर्रकन आवाज होईल, व्हायलाच हवा. घरात चहा भुरकल्याबद्दल ज्यांनी आयुष्यभर बोलणी खाल्ली, त्यांना हे लगेच जमतं. नंतर गिळा आणि थांबा.

तीन गोष्टी शोधायच्या: फळाचा वास, जिभेवरचा कडवटपणा आणि घशातला तिखटपणा. तिन्ही गुण आहेत. दोष वेगळे असतात. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास, ओलसर तळघराचा कुबट वास, व्हिनेगरसारखा आंबूस वास. यांतला एकही असला तर ते ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ नाही. या दर्जासाठी मुक्त आम्लता 0.8 टक्क्यांच्या आत हवी आणि चाखणाऱ्या पथकाला एकही दोष सापडता कामा नये.

माझ्या अनुभवात खवट वास आपले लोक पटकन ओळखतात. पण बाजारातल्या बाटलीबंद ऑलिव्ह तेलाची सवय झाली असेल, तर तो खवटपणाच ‘ऑलिव्हचा वास’ वाटत असतो. म्हणून शक्य असेल तर दुकानातली साधी बाटली शेजारी ठेवून चाखायला मागा. काही यजमान ती मुद्दाम ठेवतात आणि समोरच्याचा चेहरा बघत बसतात.

गिळल्यावर जोरात ठसका लागला. तेल खराब होतं का?

उलट चांगलं होतं. ऑलिओकँथल नावाच्या घटकामुळे घसा झोंबतो. 2005 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात शास्त्रज्ञांनी दाखवलं की तो आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीसारखंच काम करतो, आणि ती गोळी पाण्यात विरघळवून प्यायली तर घशात तशीच झोंबते. जिभेवर काही नाही आणि घशात एकदम झणका, असं होतं कारण ही झोंब टिपणारे संवेदनाग्राही घटक मुख्यतः घशात आहेत. पण म्हणून तेलाचं औषध करून घोट-घोट पिऊ नका. मात्रा फार लहान असते.

जितकं हिरवं तितकं चांगलं?

नाही. रंगानं फसगत होते म्हणूनच तज्ज्ञ निळ्या काचेच्या पेल्यातून चाखतात.

आमच्यात कुणी दारू पीत नाही. यायचं का?

यावं. कळवताना स्पष्ट लिहा की आम्हाला फक्त तेल चाखायचंय आणि शेत बघायचंय. कित्येक ठिकाणी त्याचा दर कमी असतो. घरात दोघं पिणारे आणि चौघं न पिणारे असतील तर तसं आधीच सांगा. टेबलावर ग्लास पालथा घातला की कुणी आग्रह करत नाही. ‘घोटभर तरी घ्या’ हा प्रकार इथं नाही. झालाच तर आपल्याच माणसांकडून होतो.

शाकाहारी आहोत. जेवणाचं काय?

टस्कनीचं शेतकरी जेवण मुळात गरिबाचं: शिळा पाव, पांढरे घेवडे, काळपट केल नावाची पालेभाजी, टोमॅटो. त्यामुळे शाकाहाऱ्यांना पुष्कळ मिळतं, फक्त आधी सांगावं लागतं. न सांगता गेलात तर समोर डुकराच्या मांसाचे काप येणार. बडीशेप घातलेली फिनोक्कियोना ही इथली खासियत. कोंबडीच्या काळजाचा लेप लावलेले पावाचे तुकडेही हमखास असतात. ते गडद तपकिरी दिसतात आणि आपले लोक ते मशरूम समजून उचलतात. विचारल्याशिवाय उचलू नका.

रिबोल्लिता हे भाज्या, घेवडे आणि पावाचं दाट सूप. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला पाव. फेत्तुंता म्हणजे भाजलेल्या पावावर लसूण घासून वर सढळ हातानं नवं तेल. ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं. पेकोरीनो हे मेंढीच्या दुधाचं चीज, पण ते विरजायला बहुतेक वेळा जनावराच्या जठरातलं रेनेट वापरतात. कडक शाकाहाऱ्यांनी ते टाळावं किंवा वनस्पतीज रेनेटचं आहे का ते विचारावं. वाईन नितळ करायलाही काही जण अंड्याचा पांढरा भाग वापरतात, हा प्रश्न यजमानांना नवीन नाही.

जैन मंडळींनी ‘कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखालचं काही नाही’ असं इटालियनमध्ये लिहून आधी पाठवावं. ‘जैन’ एवढंच लिहिलं तर कळणार नाही.

पाव अळणी लागला तर तक्रार करू नका. टस्कन पावात मीठ नसतंच.

गाडी घ्यावी की बसनं जावं?

फ्लॉरेन्सहून ग्रेवेला बस जाते. पण शेतं गावात नसतात, शेवटचे दोन-चार किलोमीटर पांढऱ्या मातीचा कच्चा रस्ता असतो आणि तिथं रिक्षा नाही. म्हणजे गाडी हवी.

स्वतः चालवणार असाल तर भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो, तो निघण्यापूर्वी आरटीओतून काढा. दारूची मर्यादा रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम, आणि परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. चार-पाच वाईन प्रत्येकी 50 मिलिलिटर म्हटलं तरी बाटलीचा तिसरा हिस्सा पोटात जातो. चालकानं तेलावर समाधान मानावं. चौघं-पाचजण असाल तर चालकासकट गाडी ठरवणंच परवडतं. भांडणंही टळतात.

फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, तिथं कॅमेरे आहेत. चुकून शिरलात तर दंडाची चिठ्ठी कित्येक महिन्यांनी पुण्याला येते. गाडी शहराबाहेरून घ्या आणि शहराबाहेरच परत करा.

वाईन थुंकायची म्हणे. वाईट नाही का दिसत?

नाही. टेबलावर त्यासाठी भांडं असतं. ग्लासातली उरलेली वाईनही त्यातच ओता. सगळी संपवलीच पाहिजे ही आपली ताटात न टाकण्याची सवय इथं जरा बाजूला ठेवा.

पहिल्यांदाच रेड वाईन घेणाऱ्याला सांजोवेझे आंबट आणि तुरट लागतं, आणि बरेच जण तोंड वाकडं करतात. नुसती पिऊन मत बनवू नका. तेल लावलेला पाव किंवा चीज खाऊन पुन्हा घोट घ्या. तुरटपणा स्निग्धतेवर बसतो आणि मग त्यामागचं फळ लागतं. ही वाईन जेवणाबरोबर घ्यायचीच आहे.

शेवटी कधी कधी विन सान्तो देतात. त्रेब्बियानो आणि माल्वाझिया जातीची पांढरी द्राक्षं महिनोन्‌महिने टांगून सुकवतात, मग गाळून छोट्या पिंपांत वर्षानुवर्षं ठेवतात. गोड असते. त्यात बदामाची कडक बिस्किटं बुडवून खातात. वाईन न आवडलेल्यांनाही ही आवडते.

बाटलीवर काळा कोंबडा कशाचा?

कियांती क्लासिको, म्हणजे या जुन्या हद्दीतली वाईन, करणाऱ्यांच्या संघाचा. हा संघ 1924 चा. दंतकथा अशी की फ्लॉरेन्स आणि सिएनानं सीमा ठरवायला एकेक घोडेस्वार सोडायचं ठरवलं. कोंबडा आरवला की निघायचं, भेटतील तिथं सीमा. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो पहाटेच्या कितीतरी आधी ओरडला आणि त्यांचा स्वार सिएनाच्या पार जवळ पोचला.

कागदावरचा इतिहासही जुना आहे. 1716 साली टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा यानं या वाईनची हद्द आखून दिली. पुढे ब्रोलिओच्या किल्ल्यातल्या बेत्तीनो रिकासोली यांनी, जे इटलीचे पंतप्रधानही होते, 1872 मध्ये सांजोवेझेचा प्रमुख वाटा असलेलं मिश्रण लिहून ठेवलं. आजच्या नियमात निदान 80 टक्के सांजोवेझे लागतं. पांढरी द्राक्षं 2006 च्या पिकापासून बंद झाली.

नुसतं ‘कियांती’ म्हणजे टस्कनीतल्या कितीतरी मोठ्या प्रदेशातली वाईन. ‘क्लासिको’ म्हणजे ही मधली जुनी हद्द. साधी क्लासिको बारा महिन्यांनी, रिझेर्वा चोवीस महिन्यांनी आणि ग्रान सेलेत्सिओने तीस महिन्यांनी बाजारात येते. महागडी रिझेर्वाच घ्यावी असं काही नाही. घरी जेवणाबरोबर संपवायची असेल तर साधी जास्त मोकळी लागते.

आमची नाशिकला द्राक्षबाग आहे. आम्ही काय बघावं?

तुम्ही आलात तर यजमानांची मजा आहे, तुमचे प्रश्न त्यांच्या कामाचे असतात. छाटणीपासून सुरुवात करा. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी करतो, हे इथं कुणालाच खरं वाटत नाही. त्यांचा वेल थंडीत झोपतो, छाटणी हिवाळ्यात एकदाच, पीकही एकदाच. ठिबकची नळीही बऱ्याच बागांत दिसणार नाही, नियमानं फक्त अडचणीच्या वेळी पाणी देता येतं. उत्पादनावरही मर्यादा आहे. कियांती क्लासिकोसाठी हेक्टरी 7.5 टन, म्हणजे एकरी तीन टन. खाण्याची द्राक्षं पिकवणाऱ्याला हा आकडा ऐकून हसूच येईल.

जमीन हातात घेऊन बघा. गालेस्त्रो म्हणजे पापुद्र्यापापुद्र्यानं फुटणारा दगड, बोटांनी चुरडता येतो. अल्बेरेझे म्हणजे पांढरट कठीण चुनखडी. ओळींच्या टोकाला गुलाब लावलेले दिसले तर विचारा. भुरी आधी गुलाबावर दिसते, अशी जुनी समजूत आहे. भुरी आणि केवडा इथंही तेच दोन शत्रू. मोरचूद आणि गंधकही तेच. फक्त तांब्यावर युरोपीय संघाची मर्यादा आहे: सात वर्षांत हेक्टरी 28 किलो.

आणि सांजोवेझे महाराष्ट्रातही आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात फ्रातेल्ली या वाईन कंपनीनं ते लावलं, टस्कनीचे वाईनकार पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली. हे सांगितलंत की पुढची पंधरा मिनिटं तुम्हीच प्रश्नांची उत्तरं देत बसाल. फोनमध्ये आपल्या बागेचे फोटो असू द्या.

आम्हाला द्राक्षं किंवा ऑलिव्ह तोडू देतील का?

फोटोपुरते दोन घड, हो. दिवसभर राबायचं तर नाही. तोडणीला येणाऱ्या माणसाची रीतसर नोंद आणि विमा लागतो, त्यात गडबड झाली तर मालकाला भारी पडतं. झाडावरचं ऑलिव्ह मात्र तोंडात टाकू नका. कडूजहर असतं.

मुलांना नेलं तर चालेल?

चालेल. दहा वर्षांखालच्यांना तळघरात कंटाळा येतो, त्यांना अंगणात सोडा. पोहण्याचा तलाव दिसला तरी तो तिथं मुक्कामाला असलेल्यांसाठी असतो.

खर्च किती?

चाखण्याचे माणशी साधारण 25 ते 50 युरो, जेवणासकट त्याच्या वर. तेलाची अर्ध्या लिटरची बाटली 12 ते 20 युरो. दर शेतागणिक बदलतात. गिरणीच्या दिवसांत तिथंच भरलेला डबा घेतला तर लिटरमागे स्वस्त पडतो.

भारतात किती नेता येतं?

दारू प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटर करमाफ. वाईनच्या बाटल्या 750 मिलिलिटरच्या, म्हणजे दोन. तिसरी नेलीत तर कर भरायची तयारी ठेवा. तेलाला ती मर्यादा नाही, फक्त वजन बघा. दोन्ही चेक-इन बॅगेतच. हातातल्या पिशवीत 100 मिलिलिटरवरचं द्रव बहुतेक विमानतळांवर चालत नाही.

तेल काचेत घेऊ नका, पत्र्याच्या डब्यात घ्या. फुटत नाही आणि उजेडही लागत नाही. वाईनची बाटली जीन्सच्या पायात घालून बॅगेच्या मधोमध ठेवा, वरून प्लास्टिक. कुरिअरनं भारतात पाठवण्याच्या भानगडीत पडू नका. कर आणि कागदपत्रांत बाटलीची किंमत कुठल्या कुठं जाते. जर्मनी, नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांना मात्र शेतावरून घरपोच पेटी मागवणं सोपं आहे.

हे तेल आपल्या स्वयंपाकात कसं वापरायचं?

फोडणीत घालू नका. जळतं म्हणून नाही, चांगलं एक्स्ट्रा व्हर्जिन तेवढं तापलेलं सहज सोसतं. पण ज्या वासासाठी इतके पैसे मोजले तो हिंग-मोहरीत हरवतो. फोडणीला आपलं घाण्यावरचं शेंगदाणा तेल बरं. हे वरून घ्यायचं: गरम ज्वारीच्या भाकरीवर लसूण घासून, मीठ भुरभुरून, वर नवं तेल. काकडीच्या कोशिंबिरीवर, उकडलेल्या पावट्यावर, मुगाच्या साध्या सूपवर. वरणभातावर नको, तिथं तूपच.

शेगडीजवळच्या फळीवर ठेवू नका. अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा. ‘पाहुणे आले की काढू’ म्हणून जपून ठेवलेलं तेल पाहुणे येईपर्यंत खवट झालेलं असतं. डब्यावर तोडणीचं वर्ष बघून घ्या. जुनं होऊन ते वाईनसारखं सुधारत नाही. आणि मुंबईच्या उन्हाळ्यात घरात ठेवलेली वाईनही फारशी सुधारत नाही, तीही लवकर उघडा.

काही विकत घेतलंच पाहिजे का? टिप द्यायची?

चाखण्याचे पैसे भरले असतील तर खरेदीची सक्ती नाही. फुकट चाखवलं असेल तर एखादी बाटली घेणं रीतीला धरून आहे. टिपची पद्धत नाही, मालकाच्या हातात पैसे ठेवलेत तर तो अवघडतो. घरून चकली किंवा शंकरपाळ्यांचं पाकीट आणलं असेल तर ते द्या. चकली त्यांना कोरड्या पांढऱ्या वाईनबरोबर फार आवडते, तिखट मात्र बेतानं.